पॅच तयार आहे, अडलंय डिप्लॉयमेंटपाशी

इअरफोन लावलेत? चला मग.

मागच्या महिन्यात मामीचा फोन आला. मामाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तिला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, 'जीन थेरपीने कॅन्सर मुळापासून बरा!' म्हणाली, "अरे, तू इंजिनिअर ना, खरं काय ते सांग." आता मी कोड लिहिणारा, डॉक्टर नव्हे. पण 'बघतो' म्हणून टाळवेना. आठवडाभर वाचत बसलो. जे कळलं ते सांगतो.

पेशीत काही जीन्स अ‍ॅक्सिलरेटरसारखी असतात, काही ब्रेकसारखी. टीपी५३ हा त्यातला मोठा ब्रेक. डीएनए बिघडला की तो पेशीची वाढ थांबवतो. दुरुस्ती झालीच नाही, तर पेशीला मरायला लावतो. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हाच ब्रेक बिघडलेला असतो.

मग चांगलं जीन परत टाकलं तर? नेमकं हेच १९९६ साली करून झालंय. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये जॅक रॉथ यांच्या टीमने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ९ रुग्णांना गाठीतच इंजेक्शन दिलं. आत होता हे जीन वाहून नेणारा व्हायरस. तिघांची ती गाठ लहान झाली, आणखी तिघांची वाढायची थांबली.

म्हणजे पॅच चालतो! मग अडलं कुठे? डिप्लॉयमेंटमध्ये. इंजेक्शन एका गाठीत, आणि कॅन्सर शरीरभर पसरलेला. त्यात शरीर अशा व्हायरसला शत्रू समजून अडवतं. म्हणून त्याच टीमने पुढे दुसरं ब्रेक-जीन, टीयूएससी२, चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिलं. २०१२ मध्ये त्याचे निकाल आले, रुग्ण ३१. जीन गाठीपर्यंत पोचलं, पण ती सुरक्षिततेची चाचणी होती, बरं करण्याची नाही.

आता गंमत बघा. ईजीएफआर हे अ‍ॅक्सिलरेटर-जीन अडकून बसलं असेल, तर त्यावर आज गोळ्या आहेत. कारण दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर सोडवायला छोटा रेणू पुरतो, तो रक्तातून सगळीकडे जातो. तुटलेला ब्रेक मात्र एकेका पेशीत नवा बसवावा लागतो.

मामीला मी एवढंच सांगितलं: मेसेज पूर्ण खोटा नाही, पण मामासाठी आज तो उपचार नाही. कुणी जीन थेरपीचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. ट्रायल आहे म्हणाले, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियाच्या साइटवर तिची नोंद शोधायची. आणि डॉक्टरांना विचारायचं, "गाठीची ईजीएफआर, एएलके टेस्ट झाली का?"

झाली नव्हती. आता सॅम्पल गेलंय. मामी रोज विचारते, "रिपोर्ट आला का रे?" अजून यायचाय.

तुमच्या घरात असा मेसेज फिरत असेल, तर हा भाग तिकडे पाठवा. भेटू पुढच्या भागात.