जलंबचे रूळ आणि जलंबचं पाणी



जलंब म्हणजे शेगाव तालुक्यातलं लहानसं गाव. तिथून उत्तरेला पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो. काळीभोर, खोल जमीन. पण विहीर खणली तर पाणी खारं. त्या पाण्यानं ओलीत केलं तर सोडियम वाढून जमीन चोपण होते, मग पावसाचं पाणीही मुरत नाही, वरच साचतं. म्हणून कापूस-ज्वारी, तीही आभाळाच्या भरवशावर.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरला आपली बोंडं दिसली. जलंब ते खामगाव जेमतेम १३ किलोमीटर. तेवढ्यासाठी वेगळे रूळ टाकले. १८७० मध्ये उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला! (आपल्याला भेटायला नव्हे, खामगावच्या कापूसबाजारासाठी.) तोवर अमेरिकेतली लढाई संपून पाच वर्षं झाली होती, तेजीही ओसरली होती. गाठी मात्र जातच राहिल्या.

कापूस न्यायला सरकारला रूळ सुचले. गोडं पाणी शेतात अडवायला शेततळी हवीत, हे कोणत्या व्हाइसरॉयला सुचलं? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत आणा, गावाचं नाव लिहून. तपासून घेऊ, आणि त्या बाटल्या घेऊनच जिल्ह्याला जाऊ.