दहा रुपये आणि एक आडनाव

हा भाग मी पुण्यातून नाही, गावावरून रेकॉर्ड केलाय. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात आमचं धनज आहे. घराच्या गच्चीवर बसलोय, त्यामुळे मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आज एका गिरणी कामगाराबद्दल बोलायचंय. गंगाराम कुशाजी सुर्वे. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांच्या मुलाचं नक्की ऐकलंय. कवी नारायण सुर्वे.

गोष्ट १९२६-२७ च्या सुमाराची. मुंबईच्या गिरणगावात गंगारामना रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं बाळ सापडलं. ते स्वतः इंडिया वुलन मिलमध्ये साचेवाले. बायको काशीबाई कमला मिलमध्ये कामाला. राहायला परळची चाळ. बाळाचे आईबाप कोण, जात कोणती, धर्म कोणता, काहीच ठाऊक नाही. त्यांनी ते उचललं आणि घरी नेलं. नाव दिलं, आडनाव दिलं आणि पुढे शाळेतही घातलं.

ऐकताना हे दोन मिनिटांत संपतं. पण विचार करा ना. तान्ह्या बाळाला रात्री उठून दूध लागतं, आणि सकाळी गिरणीचा भोंगा कुणासाठी थांबत नाही. नवरा-बायको दोघंही कामावर. बाळ नुसतं उचलून भागत नाही, दुसऱ्या दिवशीही सांभाळावं लागतं. त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

आता पुढचा भाग, जो मला बरेच दिवस पचत नव्हता. १९३६ मध्ये गंगाराम निवृत्त झाले आणि कोकणात आपल्या गावी निघून गेले. जाताना नारायणच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोराचं वय दहाच्या आसपास. शिक्षण चौथीपर्यंत. मुंबई परत एकदा रस्त्यापासून सुरू.

त्यानंतर सुर्व्यांनी घरगडी म्हणून काम केलं, हॉटेलात पोऱ्या म्हणून केलं, गिरणीत केलं. महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग परीक्षा देऊन शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला कवितासंग्रह आला. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० ला ते गेले.

पण मी त्या दहा रुपयांवरच अडकलो होतो. एवढा मायेचा माणूस पोराला असं सोडून कसा जातो? मला खरंच राग आला होता.

या वेळी गावी आल्यावर मी ही गोष्ट बाबांना सांगितली. माझे बाबा जिनिंगमध्ये हमाल आहेत. सीझन असला की कापसाच्या गाठी चढवायच्या, नसला की लोकांच्या शेतात रोजंदारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दहा रुपये देल्ले म्हून राग आला तुले? त्याच्यापाशी किती उरले, हे इचारलं का तू?”

नव्हतं विचारलं.

मी माझं पगारपत्रक उघडतो तेव्हा त्यात दर महिन्याला पीएफची ओळ असते. मूळ पगाराच्या १२ टक्के. मी तिच्याकडे बघतही नाही. पण भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला १९५२ ला. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ ला. गंगाराम घरी बसले १९३६ ला. आयुष्यभर साचा चालवून हात थकले की गावची वाट धरायची, असंच तेव्हा बहुतेकांचं चालायचं. माया आटली म्हणून ते गेले असं मी धरून चाललो होतो. आटला होता तो पगार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. माझा आत्तेभाऊ आमच्याच घरात वाढलाय. आत्या गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, बाबा त्याला घेऊन आले. आम्हाला तो पाहुणा कधी वाटलाच नाही. बाबा म्हणाले, “एका साली जिनिंग लवकर बंद झाली. तवा मीबी मोजले होते पैसे. पोट्ट्याले त्याच्या गावी सोडून द्याव, असं मनात आलं होतं. तुह्या मायनं पोत विकली म्हून ठेवता आलं.”

आई समोरच बसून तूर निवडत होती. ती काहीच बोलली नाही.

मित्रांनो, मी २८ वर्षांचा आहे आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली. आईच्या गळ्यात पोत का नसते, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

म्हणून मला आता काशीबाईंचीही आठवण येते. अरुण खोपकरांनी कवीवर केलेल्या चित्रपटाचं नावच ‘नारायण गंगाराम सुर्वे’ आहे. रस्त्यावर सापडलेल्या पोराला मिळालेलं ते अख्खं नाव, त्यात बाप आहे. पण काशीबाईंचा पगार नसता तर गंगारामना ते पोर ठेवता आलं असतं का? काय सांगावं, आमच्या वऱ्हाडातून रेल्वेनं गेलेल्या कापसाचं सूत त्यांच्या हातूनही गेलं असेल.

आपल्याकडे हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून तो आला. पण नोंद असेल तर त्याचा फायदा, आणि बाबांची नोंद कुठेच नाही. काल मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून ई-श्रमचा फॉर्म भरला. बाबा ५६ वर्षांचे आहेत, वयाची मर्यादा ५९. व्यवसायाच्या यादीत काय निवडायचं यावर आमचा अर्धा तास गेला. बाबा म्हणत होते, “लिही ना, काम करणारा.”

ही नोंद म्हणजे पेन्शन नाही, मला माहितीये. त्यांच्यासाठी महिन्याला काहीतरी बाजूला टाकायचं, ते मी या महिन्यापासून सुरू केलंय. तीन वर्षं आधी करायला हवं होतं.

तुमच्या घरातही असा कुणी असेल. त्यांना फोन करा आणि ‘कसे आहात’ यापेक्षा जरा पुढचं विचारा. कोणत्या वर्षी पैसे मोजले होते ते विचारा. ते सांगतील का, ठाऊक नाही. माझ्या बाबांना २८ वर्षं लागली.

चला, खाली आई जेवायला हाक मारतेय. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.