टॉरनांचा गुन्हा



विज्ञानकथेतला परग्रहावरचा शत्रू लेखक पूर्णपणे स्वतःच्या मनाने घडवतो. इतिहासाचं बंधन नाही, नकाशाचं नाही. म्हणूनच तो त्या शत्रूला काय देतो आणि काय नाकारतो, हे बारकाईने पाहावं. मी तर आधी एवढंच पाहतो, की या शत्रूशी बोलता येतं का?

एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ साली पुस्तकरूपाने आली. इंग्लंडमधल्या हॉर्सेल कॉमनच्या माळावर मंगळावरचं यान पडतं. आपणही बुद्धिमान आहोत हे कळावं म्हणून काही माणसं पांढरं निशाण घेऊन पुढे जातात आणि उष्णकिरणाच्या झोतात जळून जातात. बोलणी तिथेच संपतात. पण वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात बजावलंय, मंगळवासीयांना दोष देण्याआधी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी काय केलं ते आठवा. ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना आपल्याच वाचकांना हे सुनावायला छाती लागते.

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये शत्रू म्हणजे बिळांत राहणारे, कोळ्यांसारखे किडे. किड्याशी वाटाघाटी कोण करणार? सैनिकी शिक्षणाचे प्रसंग त्यात जिवंत उतरलेत, पण शत्रूच्या बाबतीत ती कादंबरी मला थिटी वाटते.

आता ज्यासाठी आलो त्या पुस्तकाकडे वळतो : जो हाल्डेमन यांची 'द फॉरेव्हर वॉर', १९७४. हाल्डेमन व्हिएतनाममध्ये लढले, जखमी होऊन परतले. त्यांचा नायक मँडेला पदार्थविज्ञान शिकलेला, सक्तीने भरती झालेला. टॉरन नावाच्या शत्रूशी लढायला तो निघतो, तेव्हा टॉरन दिसतो कसा हेसुद्धा कुणाला ठाऊक नसतं.

पहिल्या हल्ल्याचा प्रसंग पाहा. सैनिकांच्या मनात संमोहनाने द्वेष आधीच पेरून ठेवलेला आहे. सार्जंट ठरलेले शब्द उच्चारतो आणि टॉरनांनी बायकापोरांवर केलेले अत्याचार प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. हे सगळं बनावट आहे, हे मँडेलाला पक्कं माहीत असतं. तरी रक्त उसळतं, हात चालतात. समोरचे टॉरन धड प्रतिकारही करत नाहीत आणि त्यांची सरसकट कत्तल होते. खोटं आहे हे कळूनही द्वेष ओसरत नाही, हे इतक्या नेमकेपणाने मांडलेलं मी युद्धकथांत फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केल्यामुळे मँडेलाची थोडीशी वर्षं जातात, पृथ्वीवर मात्र शतकं उलटतात. शेवटी उलगडा होतो. पृथ्वीची काही यानं अपघातात नष्ट झाली होती. युद्ध हवं असलेल्या जुन्या सेनानींनी त्याचं खापर टॉरनांवर फोडलं. टॉरन एकमेकांच्या प्रतिकृती, सगळ्यांचं मिळून एकच मन. त्यांना सुटा माणूस कळेना, माणसाला ते कळेनात. पुढे माणसांतही तशाच प्रतिकृतींचा समाज तयार झाला, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. तोवर युद्ध ११४३ वर्षं चाललं होतं.

हे पुस्तक आलं तेव्हा व्हिएतनाममधलं सायगाव पडायचं होतं, म्हणजे हाल्डेमन ज्या युद्धात लढले ते अजून संपलं नव्हतं, हेही ध्यानात घ्या.

मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. युद्ध जरूर लिहा, पण त्यातलं एक तरी प्रकरण पलीकडच्या बाजूने लिहून पाहा.