घाटमाथा आणि गलबते
(जुन्नर-आंबेगाव परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत उभे राहून समुद्राची आठवण कोणाला होत नाही. तथापि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत गलबतांतून उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई व पुढे पैठणकडे जाई. घाटातील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, तर जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे तीन लेख आहेत. दूरदेशीच्या लोकांचे या नगरीशी असलेले नाते त्यांतून कळते.

ती गलबते कशी होती? सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पुढील काळातील अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्या, शिडे, सुकाणूची वल्ही व रांजणांची ओळ रंगविली आहे. लांबच्या सफरीत गोड्या पाण्याचा साठा हाच खलाशांचा प्राण. जहाजाच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, डोळाही काढला आहे. जहाजाला वाट दिसावी, ही अनेक देशांतील दर्यावर्द्यांची श्रद्धा.

नाणेघाटातील अक्षरे ऊनपावसाने झिजली आहेत. त्यांवर कोणी आपले नाव कोरले, तर उरलेली अक्षरेही कायमची जातील. म्हणून शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना तेथे न्यावे आणि पंचायतींनी या लेखांची राखण आपली मानावी. डोळा असलेले जहाज वाट चुकत नाही, असे खलाशी मानीत. आपणही डोळे उघडे ठेवू या.