गाण्यातून वगळलेला शब्द

(तरुण-तरुणी व त्यांचे पालक यांच्या सभेतील भाषण)



आज या सभेत पुढच्या रांगांत मुलेमुली बसली आहेत आणि मागे त्यांचे आईबाप बसले आहेत. दोघांमधील तक्रार जुनीच आहे. "शिकावयाचे सोडून पोरे गाण्याबजावण्याच्या नादी लागली, गाण्याने पोट भरते काय? गाण्याने हक्क मिळतात काय?" असे वडीलधारे विचारतात. "आमचे गाणे हेच आमचे बंड आहे," असे मुले उत्तर देतात. दोन्ही पक्षांनी ऐकावी आणि आपापल्या मताशी ताडून पाहावी, अशी एक हकीकत मी आज सांगणार आहे. ती दूरदेशीची आहे. पण तिच्यातील दुःख आपणांस परके वाटणार नाही.

अमेरिकेतील सेंट लुई या शहरात १८ ऑक्टोबर १९२६ रोजी चक बेरी या काळ्या गायकाचा जन्म झाला. त्या काळी तेथे काळ्यांची वस्ती वेगळी व शाळाही वेगळी होती. मोठेपणी त्याने मोटारीच्या कारखान्यात मजुरी केली, केशरचनेचा धंदा शिकला आणि रात्री तो गिटार वाजवू लागला. १९५५ साली शिकागोच्या चेस कंपनीने त्याचे 'मेबेलीन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे नाव देशभर झाले. पुढल्या वर्षी मे महिन्यात 'रोल ओव्हर बीथोव्हन' ही त्याची तबकडी निघाली.

या गाण्याचा विषय प्रेम नव्हे, देव नव्हे, युद्धही नव्हे. त्याचा विषय खुद्द गाणेच आहे. एक तरुण रेडिओवाल्यास पत्र लिहितो, आपल्या आवडीची तबकडी लावण्यास सांगतो, आणि थोर जर्मन संगीतकार बीथोव्हन यास थोडे सरकून जागा देण्यास बजावतो. याचा उगम अगदी घरगुती होता. बेरीची बहीण लुसी घरातील पियानोवर अभिजात संगीताचा रियाज करीत बसे, त्यामुळे भावाच्या वाट्यास पियानो येत नसे. भावाबहिणीच्या त्या कुरबुरीतून एका पिढीचे घोषवाक्य तयार झाले.

आता ते वर्ष कोणते होते हे ध्यानात घ्या. १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल हा काळा गायक केवळ गोऱ्या श्रोत्यांपुढे गात असता वर्णद्वेष्ट्यांनी व्यासपीठावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच राज्यातील माँटगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता आणि ते ३८१ दिवस पायी चालत राहिले. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. या घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु "आम्हांस नेमून दिलेल्या जागी आम्ही यापुढे बसणार नाही" हा उद्गार त्या वर्षी पृथ्वीच्या दोन बाजूंस उमटला, हे मात्र खरे.

नुसत्या गाण्यास बंडाचे रूप कसे येते, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी घरात एकच रेडिओ असे व त्याची कळ वडिलांच्या हाती असे. १९४९ साली लहान, स्वस्त अशा ४५ फेऱ्यांच्या तबकड्या आल्या. १९५४ साली खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला. उपाहारगृहांतील यंत्रात नाणे टाकले की हवे ते गाणे वाजे. तेव्हा काय ऐकावे हे ठरविण्याची सत्ता प्रथमच तरुणांच्या हाती आली. गोऱ्या घरातील मूल खोलीचे दार लावून काळ्या माणसाचा आवाज ऐकू लागले. वडीलधाऱ्यांस त्या गाण्याचे भय वाटले ते आवाज मोठा होता म्हणून नव्हे. तो कोणाचा आवाज होता, म्हणून. दक्षिणेकडील सभागृहांत काळे आणि गोरे यांच्या मध्ये दोरी बांधलेली असे. नाचाच्या भरात मुले ती दोरी ओलांडीत.

येथवर ऐकून तरुण मंडळी सुखावली असतील. परंतु गाण्याचे बंड खरे की खोटे, हे तपासावयाचे तर तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा : गाणाऱ्यास स्वतःचे नाव घेता येते काय? १९५८ साली बेरीने 'जॉनी बी. गुड' हे गाणे काढले. लुइझियानाच्या रानातील झोपडीत राहणारा, लिहिण्यावाचण्यात कच्चा, पण गिटारीत तरबेज असा एक मुलगा. पुढे त्याचे नाव दिव्यांच्या अक्षरांत झळकेल असे त्याची आई म्हणते. बेरीने प्रथम त्यास 'काळा मुलगा' म्हटले होते. तसे राहिले तर गोऱ्यांची रेडिओ केंद्रे गाणे लावणार नाहीत, म्हणून त्याने तो शब्द काढून तेथे 'खेड्यातला मुलगा' असे घातले. हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. गाणे जगभर गेले. शब्द मात्र दाराबाहेर राहिला. आपल्यापैकी किती घरांत मुलास शहरात धाडताना "आडनाव सांगू नकोस, वस्ती सांगू नकोस" असे बजावले जाते? बेरीस मी भित्रा म्हणणार नाही. त्याला पोट होते व समोर बंद दार होते. लाज त्या दाराची आहे.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. 'मेबेलीन' प्रसिद्ध झाले तेव्हा गीतकार म्हणून बेरीच्या नावापुढे आणखी दोन नावे छापली गेली. त्यांतील एक होता रेडिओवरील प्रख्यात निवेदक ॲलन फ्रीड. ज्यांनी गाणे रचले नव्हते, त्यांस त्याच्या उत्पन्नाचा वाटा मिळत राहिला. ती नावे १९८६ साली निघाली. म्हणजे आपल्या श्रमावर आपला पूर्ण हक्क मिळण्यास ३१ वर्षे लागली. लिटल रिचर्ड या काळ्या गायकाचे 'टूटी फ्रूटी' गोऱ्या पॅट बून याने १९५६ साली पुन्हा गाइले, आणि विक्रीच्या यादीत गोऱ्याची तबकडी मूळ तबकडीच्या वर गेली. बंड एकाचे आणि कमाई दुसऱ्याची, असा हा व्यवहार होता.

तिसरा प्रश्न : ऐकणारे कोठे बसतात? १९६३ साली इंग्लंडमधील बीटल्स या तरुणांनी 'रोल ओव्हर बीथोव्हन' आपल्या संग्रहात गाइले. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे श्रोत्यांत वर्णभेद राहणार असेल तर आम्ही गाणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले व कार्यक्रम भेदाविना झाला. घेतलेल्या गाण्याचे ऋण असे फेडावयाचे असते. तथापि भेद मोडणारा कायदा २ जुलै १९६४ रोजीच झाला होता, आणि तो गिटारीने झाला नव्हता. तो पायी चालणाऱ्यांनी, तुरुंगात जाणाऱ्यांनी व न्यायालयात लढणाऱ्यांनी घडविला. गाण्याने माणसास मान वर करण्याची सवय लागते. मान वर केल्यानंतरचे काम संघटनेचे आहे. हे तरुणांनी विसरू नये.

आणखी एक गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवावी. गायकास देव करू नका. बेरीच्या वर्तनात दोष होते. त्यास तुरुंगवासही घडला. गाणे घ्या, पूजा नको.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे वाजविणाऱ्या अस्पृश्याची उणीव कधीच नव्हती. गावच्या लग्नापुढे हलगी त्याची आणि पालखीपुढे वाद्य त्याचे. उंबरठा मात्र त्याचा नव्हे. ते वाजविणे हुकमाचे होते. १९३०च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे तरुण जलसे घेऊन गावोगाव फिरू लागले, तेव्हा तीच ढोलकी आणि तोच गळा स्वतःच्या इच्छेने बोलू लागला. वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गाणी रचली. लिहिण्यावाचण्यात कच्चा असा जॉनी अमेरिकेच्या गाण्यात कल्पनेने उभा केला होता. आपल्याकडे तसा माणूस प्रत्यक्ष होऊन गेला, आणि त्याने अक्षरही मिळविले. शिवाय त्याने काळजातला शब्द वगळला नाही. भीमाचे नाव घेऊनच तो गाइला.

मग बीथोव्हनचे काय? त्या बिचाऱ्याशी भांडण नव्हतेच. नेपोलियन सम्राट झाला हे ऐकताच आपल्या रचनेवरील त्याचे नाव ज्याने कागद फाटेपर्यंत खोडले, तो बीथोव्हन स्वतः बंडखोरच होता. भांडण होते ते त्याच्या नावाने दार लावून घेणाऱ्यांशी. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीचे संगीत आहे. तीत बीथोव्हन आहे, चक बेरीचा 'जॉनी' आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या, कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. तेथे कोणी कोणास सरकावयास सांगत नाही.

पालकांनो, मुलांचे गाणे बंद करू नका; त्यांना अभ्यासाची वेळ नेमून द्या आणि गाण्याचीही द्या. मुलांनो, गाण्याची वही करा. प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचे पूर्ण नाव लिहा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्या व तिचे नावही लिहा. आपल्या आयाबायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या असंख्य ओव्यांखाली कोणाचेच नाव उरलेले नाही. कार्यक्रम कराल तेव्हा वाजविणाऱ्यास त्याची बिदागी हातात द्या आणि सतरंजीवर कोणासाठीही वेगळी जागा ठेवू नका. आणि गाताना एखादा शब्द लोकांस खुपेल अशी धास्ती वाटली, तर तो काढण्यापूर्वी एकदा विचार करा, की तो शब्द म्हणजे आपणच तर नाही ना.

जय भीम.