नव्या दप्तराच्या किल्ल्या

जुन्या शाळेच्या कचेरीत एक लाकडी कपाट असे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक असे. हेडक्लार्क निवृत्त व्हावयाचे झाले म्हणजे किल्ल्यांचा जुडगा मोजून घेतला जाई, त्याची लेखी पोच होई, आणि मगच त्यांच्या गळ्यात हार पडे. एखादी किल्ली हरवलीच, तर गावात कुलपे उघडून देणारा कारागीर होताच.

ते कपाट आता संगणकात गेले आहे. हजेरी, फीचे हिशेब, परीक्षांचे निकाल, पगारपत्रके, कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते, हे सारे दप्तर कोठल्या तरी दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर राहते आणि कचेरीतल्या पडद्यावर उमटते. कुलूप येथेही आहे, किल्लीही आहे. परंतु ती कोणाकडे आहे असे विचारले, तर पुष्कळ संस्थांतून एकच उत्तर मिळते: "ते आमचे अमुक अमुक बघतात."

हे अमुक अमुक बहुधा अत्यंत प्रामाणिक गृहस्थ असतात. समजा, एका शिक्षणसंस्थेने नवे सॉफ्टवेअर घ्यावयाचे ठरविले. मंडळाने ठराव केला, पैसे मंजूर झाले, आणि काम तरुण कारकुनाकडे आले. त्याने त्याच दुपारी स्वतःच्या खासगी ईमेलवर खाते उघडले, स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला, आणि संध्याकाळपर्यंत सारे सुरू केले. सर्वांनी त्याचे कौतुक केले. दोन वर्षांनी त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. पुढे ऐन निकालाच्या दिवशी पडद्यावर सूचना आली की, नोंदविलेल्या मोबाइलवर पाठविलेला ओटीपी भरा. तो मोबाइल आता परगावी! कारकून फोनवर भेटला तर ठीक. परंतु त्याने मध्यंतरी क्रमांकच बदलला असेल, तर प्रसंग कठीण. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे संस्थेच्या दप्तराची किल्ली एखाद्या सर्वस्वी अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन पडावयाची. इकडे मुले दाराशी निकालाची वाट पाहात उभी असतात, आणि कंपनीच्या लेखी खाते ज्याच्या ईमेलवर उघडले तोच त्याचा धनी.

म्हणून खात्यांची आखणी सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या आधी व्हावी लागते, आणि ती कागदावर व्हावी लागते. पहिली गोष्ट, संस्थेने स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संगणकाच्या जगातला स्वतःचा पत्ता, घ्यावा. तो संस्थेच्या नावाने नोंदवावा व त्याचे नूतनीकरण शुल्क दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावे. सर्व खाती त्या पत्त्याखाली उघडावीत. सर्वाधिकार असलेले खाते, ज्याला सॉफ्टवेअरच्या भाषेत ॲडमिन म्हणतात, ते कोणाचेही रोजच्या कामाचे खाते असू नये. रोज पत्रे वाचावयाची ती वेगळ्या खात्यातून, आणि ही थोरली किल्ली फक्त काम पडेल तेव्हा काढावयाची.

अशी थोरली किल्ली एकच असणे हेही धोक्याचे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. तेथे दोघे एकत्र आल्यावाचून तिजोरी उघडत नाही. येथे हेतू उलट आहे. एक जण आजारी पडला तरी दुसऱ्याला दार उघडता यावे. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या ग्राहकांना असा सल्ला देते की, अडचणीच्या प्रसंगासाठी दोन खाती निराळी राखून ठेवावीत, आणि सर्वाधिकार असलेल्या माणसांची संख्या पाचाहून कमी असावी. लहान संस्थेला मुख्याध्यापक व चिटणीस असे दोघे पुरेत. मंडळाच्या अकरा सदस्यांना मानाखातर अकरा किल्ल्या वाटणे हा मान नव्हे.

उरलेल्यांना काय द्यावे? १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी एका निबंधात असे तत्त्व मांडले की, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, त्याहून तिळभरही अधिक नव्हे, इतका अधिकार असावा. फी घेणाऱ्याला गुण बदलता येऊ नयेत. सहावीच्या वर्गशिक्षकांना कोणाचा पगार किती हे दिसण्याचे कारण नाही. यात कोणावर अविश्वास नाही. पूर्वी हे काम वेगवेगळ्या खोल्या आणि वेगवेगळी कपाटे न बोलता करीत होती. आता भिंती उरल्या नाहीत, तेव्हा त्या कागदावर आखाव्या लागतात.

आणि प्रत्येकाचे खाते त्याचे स्वतःचेच असावे. "ऑफिस" या नावाचे एकच खाते, त्याचा परवलीचा शब्द भिंतीवर चिठ्ठीत डकवलेला, असे दृश्य दुर्मिळ नाही. मग एखाद्या मुलीचे गुण बदललेले आढळले तर ते कोणी बदलले हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही, आणि संशय मात्र कचेरीतल्या सर्वांवर. संगणकात परवलीचा शब्द आला तोच मुळी यासाठी. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली एकच यंत्र अनेकांनी वापरण्याची पद्धत सिद्ध झाली, आणि ज्याची कागदपत्रे त्यालाच दिसावीत म्हणून ही युक्ती योजण्यात आली. गंमत अशी की, त्याच दशकात एका चुकीमुळे तेथील सर्वांचे परवलीचे शब्द, दिवसाची सूचना छापावी तसे, प्रत्येकाच्या पुढे छापून आले! तेव्हा केवळ शब्दावर विसंबणे तेव्हाही पुरेसे नव्हते. आज मोबाइलवरची दुसरी खूण मागितली जाते ती याचसाठी.

नावांचा प्रश्न लहान वाटतो, पण मराठी संस्थेत तो हमखास निघतो. सॉफ्टवेअरला दोन नावे पुरतात. मराठी माणसाला तीन असतात. एकाच शाळेत चार कुलकर्णी आणि त्यांतले दोघे संजय. रोमन लिपीत कोणी देशपांडे एका प्रकारे लिहितो, कोणी दुसऱ्या. लग्नानंतर एखाद्या बाई नाव बदलतात, एखाद्या बदलीत नाहीत. गोव्याच्या डिसोझांच्या नावातले ते चिमुकले स्वल्पविरामासारखे चिन्ह पुष्कळ यंत्रांना पचत नाही. पत्ता कसा बनवावयाचा याचा नियम आधी ठरवावा व पगारपत्रकातील नावाशी तो जुळवून घ्यावा. नाहीतर एकाचा पगाराचा कागद दुसऱ्याच्या टपालात पडतो.

सर्वांत अधिक विसर पडतो तो जाणाऱ्या माणसाचा. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला सुमारे निम्मे इंधन पुरविणारी कोलोनियल कंपनीची नलिका काही दिवस बंद पडली. चोर आत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याला परवलीचा शब्द होता. दुसरी खूण नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर्सची खंडणी मोजली. पण घाईने खाते पुसून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण त्याबरोबर त्या माणसाकडे असलेली संस्थेची कागदपत्रेही जातात. गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेत पुसलेले खाते २० दिवसांच्या आत परत आणता येते, त्यानंतर नाही. म्हणून आधी खाते बंद करावे, कागदपत्रे नव्या माणसाच्या हवाली करावीत, आणि मग ते काढून टाकावे.

हे सारे एका पानावर मावते. कोणाला कोणते खाते, कोणता अधिकार, केव्हा दिला, केव्हा काढला. खाली दोन सह्या. अडचणीच्या खात्यांचे परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटांत घालून एक शाळेत व एक चिटणिसांच्या घरी ठेवावे, आणि वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, त्या किल्ल्यांनी कुलूप खरोखर उघडते की नाही हे पाहून पाकिटे पुन्हा बंद करावीत.