लेथयंत्रास गतिनियंत्रक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



लोखंडाशी ज्यांचे पिढ्यानपिढ्यांचे नाते, अशा मंडळींपुढे लेथविषयी बोलणे म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. तथापि आमच्या कारखान्यात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या तीर्थरूपांचा लेथ पट्ट्याचा. पुलीचे टप्पे तीन. वेग बदलावयाचा तर पट्टा हाताने सरकवावयाचा. चालत्या पट्ट्याने त्यांच्या करंगळीचे एक पेर नेले. म्हणून आम्ही त्या लेथास वेग बदलणारा विजेचा ड्राइव्ह बसविला.

त्याचे तत्त्व साधे आहे. घरगुती एका फेजची वीज तो प्रथम एकदिश करतो आणि तिच्यापासून हव्या तितक्या हर्ट्झची तीन फेजची वीज घडवितो. चार ध्रुवांची मोटर 50 हर्ट्झवर मिनिटास सुमारे 1440 फेरे घेते. 25 हर्ट्झवर सुमारे निम्मे. मोटर मात्र तीन फेजचीच हवी. आमची 1 अश्वशक्तीची मोटर 415 व्होल्टवर स्टार जोडणीची होती. 230 व्होल्टच्या ड्राइव्हसाठी तिची जोडणी डेल्टा करावी लागली.

एक गैरसमज टाळावा. बॅक गियरने वेग उतरविला की जोर वाढतो. ड्राइव्हने उतरविल्यास जोर तेवढाच राहतो, अश्वशक्ती मात्र घटते. शिवाय मोटरचा पंखा मंदावून ती तापते. म्हणून जाड कापासाठी बॅक गियर राहू द्यावा. चक आट्यांचा असेल तर एकाएकी ब्रेक लावू नये. तो सुटून येतो.

आता आमची चूक सांगतो. एके दुपारी वीज गेली. खटका चालूच राहिला. चिरंजीव चकमध्ये चावी तशीच ठेवून हात धुण्यास गेले. इतक्यात वीज परतली, लेथ आपण होऊन फिरला आणि चावी उडून समोरच्या भिंतीवर आदळली. क्षणापूर्वी चिरंजीव तेथेच उभे होते. दोष यंत्राचा नव्हता. वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय त्यात होती, परंतु माहितीपुस्तकाचे ते पान आम्हीच वाचले नव्हते. आता हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून लेथ हलत नाही, आणि चावी चकमध्ये ठेवण्यास सक्त मनाई आहे.

आणखी दोन सूचना. ड्राइव्ह लोखंडाच्या किसापासून दूर, बंद पेटीत ठेवावा व अर्थिंग पक्के करावे. वीज तोडल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती काही काळ टिकते. पुस्तकात दिलेली मिनिटे थांबूनच झाकण उघडावे. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्यावी.

बंधूंनो, हातातील कसब वाडवडिलांनी दिले. हात शाबूत ठेवणे आपल्याकडे आहे. ज्यांस हे काम करावयाचे असेल त्यांनी आमच्या कारखान्यात अवश्य यावे. झालेली चूकही दाखवू, केलेली दुरुस्तीही दाखवू.